अच्युतरावांच्या शून्य चुका

विनताने रकान्यावर बोट ठेवलं आणि वही अच्युतरावांकडे वळवली.

"काका, हे बरोबर आहे ना? एकसष्ट सामने, चुका शून्य?"

"बरोबर आहे."

"अच्छा. मग बाबांच्या एकोणीस काहून?"

अच्युतराव चष्मा पुसू लागले. विनता भाऊरावांची मुलगी, शाळेत गणित शिकवायची. भाऊराव जाऊन चार महिने झाले होते. दोघे मित्र कारखान्याच्या बेसबॉल संघात होते. मैदानाच्या पार मागच्या अंगाला शेजारीशेजारी उभे राहायचे. नोकरीही खेळावरच लागलेली. जबलपुरात बेसबॉल खेळतो म्हटलं की लोक आधी कीव करत, मग नोकरी पक्की आहे का ते विचारत. येत्या रविवारी जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. अच्युतरावांच्या मानपत्रावर 'निर्दोष क्षेत्ररक्षक' असं लिहायचं ठरलं होतं, आणि स्मरणिकेसाठी आकडे जुळवायचं काम विनताकडे आलं होतं.

"बाबांचा आकडा मी गाळून टाकते," ती म्हणाली. "लोक हसतील. गेलेल्या माणसाचं कशाला?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. अच्युतराव जन्मभर नाकासमोर चाललेले. गप्प बसणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पण भाऊरावला कोणी हसावं, आणि तेही आपल्या शून्याशेजारी ठेवून, याची त्यांना लाज वाटली.

"गाळू नको. चूक कधी धरतात, माहीत आहे?"

"चेंडू सुटला की."

"हाताशी येऊन सुटला की. खेळाडू तिथवर पोचलाच नाही, तर कागद भरणारा लिहितो, फटका चांगला होता. चूक कोणाचीच नाही."

विनताने पेनाचं टोपण लावलं.

"भाऊराव हर चेंडूवर धावायचा. माझ्या बाजूच्यासुद्धा. दहा पकडायचा, अकरावा सुटायचा. तेवढ्यावर लोक ओरडायचे."

"आणि तुम्ही?"

"पोचेन की नाही अशी शंका आली, की मी दोन पावलं कमी टाकायचो. साहेब लोक चुका मोजून राहिले होते. नोकरी जाईल म्हणून भ्यायचो." ते पुढे म्हणाले, "मानपत्रावरचा तो शब्द काढायला सांग. आणि हे सगळं लिही."

एवढं बोलायला त्यांना पस्तीस वर्षं लागली होती. आता हलकं वाटेल, अशी त्यांची समजूत होती.

विनताने वही आपल्याकडे ओढली.

"बाबा घरी तुमचंच नाव घ्यायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, माझ्यासारखी धावू नको, हसं होतं. अच्युतकाकांसारखी राहा. मला नागपूरच्या कॉलेजातली नोकरी चालून आली, तेव्हाही हेच म्हणाले. मग एक चांगलं स्थळ आलं होतं, तेव्हाही."

"मग?"

"जमेल की नाही, याचाच मी विचार करून राहिले. नाही गेले. लग्नालाही नाही म्हटलं."

अच्युतरावांनी चष्मा पुन्हा काढला, पण पुसला नाही. विनता वहीची पानं सरळ करत होती. पुढच्या महिन्यात तिला सेहेचाळिसावं लागणार होतं.

"कोणी मला नावं नाही ठेवली, काका," ती म्हणाली.