माझ्यातला बैल

मी एक जुनी तसबीर आहे. जुनी म्हणजे आजी-पणजीच्याही पणजीएवढी! मित्रांनो, दक्षिण इटलीतल्या एका लहानशा गावच्या चर्चमध्ये मी टांगलेली आहे. माझ्यात येशूची कथा, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणारे संत लूक बसलेत. माझ्या चित्रकाराने आधी सगळं कापड गडद रंगवलं आणि मग त्या अंधारातून उजेडाचा एकच झोत काढला. त्या झोतात संतांचा चेहरा, लेखणी आणि खांद्यामागे त्यांची खूण असलेला बैल. अहाहा! पहिल्या दिवशी अख्खं गाव आ वासून बघत राहिलं होतं.

लूकचा सण ऑक्टोबरात येतो, ऑलिव्हचं नवं तेल निघतं तेव्हा. पहिलं तेल कुणाला? माझ्या बैलाला! बोटभर तेल त्याच्या नाकावर चोळायचं, म्हणजे झाडं वर्षभर सुखरूप. पिढ्यान्‌पिढ्या चोळलं. पण त्या तेलाला मेणबत्त्यांची काजळी चिकटत गेली. आधी बैल दिसेनासा झाला, मग लेखणी, मग तो झोतसुद्धा. शेवटी फादर व्हितो म्हणाले, "या सणाला छापील चित्र लावू, हे तळघरात ठेवू." मी आतून गारच पडले!

तरी एक शेवटचा उपाय म्हणून त्यांनी जुन्या चित्रांवरचा मळ काढणाऱ्या ओर्नेल्लाला शहरातून बोलावलं. सणाच्या सकाळी ती शिडीवर चढते न चढते, तोच दोनातामावशी तेलाची वाटी घेऊन हजर.

"ए पोरी, उतर खाली. बैलाला तेल लावायचंय."

"नको हो मावशी! तेलानंच काळा झालाय तो."

"म्हणजे माझ्या आईनं, आजीनं वाटोळं केलं? तुझा जन्मही नव्हता, तेव्हापासून हा आमचं तेल खातोय!"

"खातोय कुठला? बुडालाय बिचारा त्यात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मावशी हसली नाही. "रोगानं माझी अर्धी बाग वाळली गं. यंदा तेल चुकलं तर उरलेलीही जाईल."

ओर्नेल्ला शिडीवरून खाली वाकली. मग म्हणाली, "आधी एकदा त्याला बघा. मग तुम्हीच ठरवा."

तिने ओला कापूस हलकेच फिरवला. कापूस काळा झाला. दुसरा तपकिरी. आणि मग, मित्रांनो, अंधारातून एक डोळा उघडला! मोठा, ओलसर, शांत.

मावशीने तो बैल आजवर फक्त बोटांनी ओळखला होता. तिचा तेलाचा हात हवेतच थांबला.

"अगं बाई... हा माझ्याकडेच बघतोय."

मावशीने हळूच बोट रुमालाला पुसलं.

"फादर, ते छापील परत पाठवा. आणि पाव आणा कुणीतरी, हे तेल आपणच खाऊ." मग माझ्यातल्या बैलाकडे वळून त्याला दटावलं, "आता दिसतंय ना तुला? मग लक्ष ठेव माझ्या झाडांवर."

तिची झाडं वाचतील का, मला ठाऊक नाही. मी तसबीर आहे, वैद्य नाही. पण हल्ली ती रोज येते, हात पाठीमागे धरून उभी राहते आणि बघत बसते. मित्रांनो, तुम्हीही तसेच या. मला हात लावू नका, डोळे भरून बघा. तेवढ्या प्रेमावर मी अजून कितीतरी वर्षं काढीन!