मापाडी सायकल घेतो

आठ महिन्यांत अकरा सायकलींची मापं काढून झाली होती आणि एकही घरात आली नव्हती.

मापं काढणारा माणूस पेशाने सर्व्हेअर होता. जमिनी मोजणं, रस्त्यांचे उतार काढणं, कुंपणावरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध फीत धरून उभं राहणं, यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. घरीदारी सगळे त्याला मापाडी म्हणत. सोफा घ्यायचा ठरला तर हा आधी दाराची रुंदी मोजणार, मग जिन्याचं वळण, मग दुकानात जाऊन सोफा तिरका करून दाखवायला लावणार. त्यामुळे सायकलीला वेळ लागतोय याचं सुरुवातीला कुणाला नवल वाटलं नाही.

जुनी सायकल हिवाळ्यात मोडली होती. पंधरा वर्षं तो आणि त्याचा मित्र, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, दर रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर सायकली न्यायचे. एका रविवारी उतारावरच्या दगडी टप्प्यात मापाडी हँडलवरून पुढे फेकला गेला. सायकलीच्या फ्रेमला चीर गेली आणि याच्या कॉलरबोनलाही. त्याची बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची, आणि त्या दिवशी तीच ड्यूटीवर होती. स्ट्रेचरवरून आलेल्या पेशंटला तिने सवयीने "हलू नका, श्वास रोखून धरा" म्हणून सांगितलं आणि मग चिखलाखालचा चेहरा तिच्या ध्यानात आला.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. "आता नवी घ्या," असं बायकोच म्हणाली. तिला धाकधूक नव्हती असं नाही. पण रविवारी सकाळी घरात बसून कपाटाचे कप्पे मोजणारा नवरा तिला जास्त जड जात होता.

कुठली घ्यायची तेही जवळपास ठरलेलं होतं. दगडांच्या उतारासाठी पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना भरपूर सस्पेन्शन हवं, म्हणजे धक्का बसला की चाक चांगलं सतरा सेंटिमीटर वर उचललं जाईल आणि माणूस जागच्या जागी राहील. आणि चाकं मोठी हवीत, एकोणतीस इंची. अशा सायकली मिळायला लांब जायची गरज नव्हती. त्याच्या मेहुणीचंच दुकान होतं. पुढे विक्री, मागे दुरुस्ती, आणि दोन्हीकडे ती एकटी.

मापाडी दर शनिवारी दुकानात जायचा. बरोबर वही, फीत आणि कोन मोजायचं छोटं यंत्र. चाक धरणारा पुढचा फोर्क किती झुकलाय, सीटपासून हँडल किती लांब, पेडल जमिनीपासून किती वर, सगळं वहीत उतरायचं. मग काहीतरी खुसपट निघायचं. एकीचं वजन सोळा किलो. दुसरीचा कोन अर्ध्या अंशाने जास्त. तिसरीचं मागचं चाक मोठं, आणि याची उंची पाच फूट पाच, म्हणजे उतारावर मागे सरकलं की चाक घासणार. प्रत्येक कारण पटण्यासारखं असायचं, त्यामुळे कुणाला वाद घालता येत नव्हता.

अकराव्या सायकलीनंतर मेहुणीने बहिणीला फोन केला.

"ताई, भाऊजींना सायकल घ्यायची नाहीये."

"असं कसं? रोज रात्री तीच वही घेऊन बसतात."

"माझ्याकडे दिवसाला दहा गिऱ्हाइकं येतात. ज्याला घ्यायची असते तो आधी बसून बघतो. भाऊजी आठ महिन्यांत एकदाही बसलेले नाहीत. उभ्या-उभ्या मोजतात आणि जातात."

ही गोष्ट बायकोच्या मनातून हटेना. तिला आठवलं की अपघातानंतर त्याने मोटारही चालवलेली नव्हती. आधी खांदा दुखतो म्हणून, मग चालणं तब्येतीला चांगलं म्हणून, मग पेट्रोल जळतं म्हणून. बाजार, बँक, साईट, सगळीकडे तो पायी किंवा बसने जात होता, आणि दोघांनी मिळून कुठे जायचं तर गाडी तीच चालवत होती. कारणं बदलली तशी तिने ती एकेक करून मान्य केली होती.

पुढच्या शनिवारी मेहुणीने तीन सायकली टेम्पोत घातल्या आणि सरळ टेकडीच्या पायथ्याशी नेल्या. बायकोने सुट्टी घेतली आणि नवऱ्याला गाडीत बसवलं. तो वही घेऊन आला होता. मेहुणीने ती मागून घेतली आणि टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवून दिली.

"आज मोजायचं नाही, बसायचं. सस्पेन्शनची हवा तुमच्या वजनाप्रमाणे भरून ठेवलीय, सीटही लावलंय. वर न्या आणि खाली या."

मापाडी पहिल्या सायकलीवर बसला आणि त्याने पार्किंगच्या खडीवर दोन चकरा मारल्या. दुसरीवर बसून तेवढ्याच चकरा मारल्या. तिसरी धरून नुसता उभा राहिला.

"भाऊजी, ही उताराची सायकल आहे. सपाटीवर काय कळणार तुम्हाला? घरात छत्री उघडून पावसाचा अंदाज घेताय."

"ब्रेक जरा जोरात लागतायत," मापाडी म्हणाला.

"ब्रेक जोरातच लागायला हवेत."

सायकल स्टँडला लावून तो कडेच्या दगडावर जाऊन बसला. बायको शेजारी जाऊन बसली. त्याचे तळहात घामाने ओले झाले होते आणि तो ते पँटला पुसत होता.

"अहो, भीती वाटत असेल तर तसं सांगा. मला काही कमीपणा नाही त्यात. नका घेऊ."

"पडण्याची भीती नाही गं."

"मग?"

समोरच्या पायवाटेकडे बघत तो म्हणाला, "मला पडलेलं आठवत नाही. वरून निघालो ते आठवतं, आणि नंतर एकदम तू श्वास रोखायला सांगतेस ते. मधलं काहीच नाही."

"बरं."

"बाबा कारखान्याच्या जिन्यावरून पडले तेव्हा सगळे म्हणाले पाय घसरला. पाय नव्हता घसरला. आधी फिट आली, मग पडले. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मोटार, बस, वही, अर्ध्या अंशाचा कोन, सगळं एका दमात उलगडलं.

"आणि हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं होतं, चक्कर आली होती का म्हणून. मी म्हटलं, दगड निसटला."

"इतके महिने," ती म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. "इतके महिने मी तुमच्याशेजारी झोपतेय."

"तुला सांगितलं असतं तर तू तपासायला नेलं असतंस."

"नेलंच असतं."

"आणि तिथे खरं निघालं असतं तर?"

ती म्हणाली, "डोक्याला मार लागला की आधीची काही मिनिटंही पुसली जातात. माझ्या टेबलावर आठवड्याला एक तरी असा पेशंट येतो. पण मी डॉक्टर नाही, मी फोटो काढते." मग तिला एकदम सुचलं. "तुमच्या मागे बेकरीवाले होते ना? त्यांना विचारलंत?"

"तो मला टाळतोय. पाव घ्यायला गेलो तर आत जातो, पोरीला पुढे पाठवतो. मला वाटतं त्याने बघितलंय. झटके येताना बघितलं असेल, आणि सांगायचा धीर होत नसेल."

बायकोने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बेकरीवाल्याने उचलला. मागे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते.

"भाऊ, त्या दिवशी हे पडले तेव्हा तुम्ही मागेच होतात ना? नेमकं काय झालं, ते आज मला सांगा. काहीही असलं तरी सांगा."

पलीकडे ट्रेचे आवाज थांबले. मग दार लावल्याचा आवाज आला.

"वहिनी, मी स्वतःच येऊन सांगणार होतो. रोज ठरवायचो. चूक माझी आहे."

"तुमची?"

"हा पुढे होता. ओरडला, उजवीकडे खड्डा आहे, डावीकडून घे. मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम म्हटलं, काय? हा ओरडतो तेव्हा याचा आवाज चिरकतो, ते ऐकायला मजा येते म्हणून. तर याने मान मागे वळवली, आणि खड्डा, खड्डा, खड्डा असं तीनदा ओरडला, आणि स्वतःच खड्ड्यात गेला."

मापाडी फोनजवळ वाकला. "मी ओरडत होतो?"

"अरे, तू आहेस होय तिथे?" बेकरीवाल्याचा आवाज पडला. "ओरडत होतास म्हणजे काय. हवेत असतानासुद्धा शिव्या घालत होतास. मला. नावानिशी. डोकं दगडावर आपटलं तेव्हा गप्प झालास. मला माफ कर रे. तुझ्या गळ्यात हात अडकवलेला बघितला की मला तोंड दाखवायची लाज वाटायची."

मापाडी हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तो डोळे पुसायला लागला आणि तरी थांबेना. हवा भरायचा पंप हातात घेऊन मेहुणी धावत आली आणि दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"काय झालं?"

"तुझे भाऊजी शुद्धीत पडले होते," बायको म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

मापाड्याला तेव्हाच सायकल घेऊन वर जायचं होतं. बायकोने हँडल धरून ठेवलं. "बेकरीवाले काही डॉक्टर नाहीत. आधी तपासणी."

पुढचे दहा दिवस तपासण्यांत गेले. डोक्याला तारा चिकटवून झाल्या, मशीनमध्ये घालून झालं, रक्त तपासून झालं. बायको हॉस्पिटलात कामाला असूनही बाहेरच्या बाकावर इतरांसारखीच नखं खात बसली. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सगळे कागद पसरले आणि त्या म्हणाल्या, "काहीही सापडलेलं नाही. त्या वेळी मेंदूला मार बसला म्हणून आठवण गेली, आणि ती परत येणार नाही. वडिलांचा इतिहास आहे, म्हणून वर्षातून एकदा दाखवून जा. बाकी मोटार चालवा, सायकल चालवा. पण हे इतके दिवस विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं," मापाडी म्हणाला.

हे वाक्य डॉक्टरांनी आधीही कुणाकडून तरी ऐकलं असावं.

घरी जाताना मोटार त्याने चालवली. बायको पहिल्या सिग्नलपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग तिला झोप लागली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच टेकडी, त्याच तीन सायकली. या वेळी बेकरीवालाही आला होता. तो आणि मापाडी एकमेकांना काय बोलावं ते न सुचून एकमेकांच्या टायरची हवा दाबून बघत होते.

पहिली सायकल हलकी होती. चढावर सुरेख गेली, पण उतरताना प्रत्येक दगड मनगटापर्यंत कळला. दुसरीचं पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान होतं. बुटक्या माणसाला हीच योग्य, असं वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं. वळणावर ती झटकन वळली आणि मापाड्याला आवडलीही, पण मोठ्या दगडावरून उतरताना मागून ढुशी मारायची. तिसरी दोन्ही चाकं मोठी असलेली, सर्वांत लांब, सर्वांत जड. वहीत तिचा नंबर नववा होता.

ती घेऊन तो वर गेला तेव्हा बायको दगडी टप्प्याच्या खाली उभी होती. खड्डा अजून होता, पावसाने जरा रुंदच झाला होता. तिने मापाड्याला वरून येताना पाहिलं. तो सीट खाली घेऊन पेडलवर उभा होता, गुडघे मोकळे, मान समोर. चाकं दगडांवरून वर-खाली नाचत होती आणि त्याचं डोकं मात्र एका रेषेत पुढे येत होतं. खड्ड्यापाशी ती डोळे मिटणार होती, पण मिटायच्या आत तो पार झालाही होता. मोठं चाक खड्ड्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं, फोर्क एकदा दबला, आणि बस्स.

तो खाली येऊन थांबला. धाप लागली होती.

"मागचं चाक घासलं?" मेहुणीने विचारलं.

"एकदा. पँटला."

"मग?"

"मग काय, पँट बदलेन. हीच दे."

"वजन सोळा किलो चारशे आहे, भाऊजी. नंतर म्हणू नका."

"मी पंचाहत्तर किलोचा आहे. त्यात चारशे ग्रॅम कुठे दिसणार?"

बेकरीवाला हसला, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच त्याने मित्राच्या पाठीत धपाटा घातला, चांगल्या खांद्याच्या बाजूने.

मेहुणी पावती करायला टेम्पोकडे गेली. सायकल धरून बायको उभी होती. हँडलवरचं एक बटण तिने सहज दाबलं, सीटवर हात टेकला, तर सीट फुस्स करून खाली गेलं. मापाड्याने पुढून हँडल धरलं. "बस ना."

"मी? मी शाळेनंतर सायकल चालवली नाही."

"मी धरतो."

ती बसली. पाय जमिनीला टेकत होते. त्याने हात सोडला तेव्हा ती खडीवरून चाळीसेक पावलं गेली, पार्किंगच्या उंबऱ्याएवढ्या पायरीवरून खाली उतरली आणि थांबली. मागे वळून तिने पायरीकडे पाहिलं, कारण उतरल्याचं तिला नीटसं कळलंच नव्हतं.

"अहो," ती लांबून म्हणाली, "हिच्यातली लहान मापाची येते का?"

मेहुणीने टेम्पोतून मान बाहेर काढली. मापाड्याचा हात खिशातल्या फितीकडे गेला होता.

"भाऊजी, फीत आत ठेवा," ती म्हणाली. "ताई, तू ये. तुला मी बसवून बघते."