मुकादमाच्या घरातलं शुभवर्तमान

मी शुभवर्तमानाची एक जुनी प्रत बोलतेय. येशूचं चरित्र आणि त्याच्या अनुयायांच्या पहिल्या मंडळीची हकिगत, दोन्ही माझ्या पोटात आहेत. मला विकत घेतलं ते कपडे शिवणाऱ्या एका ताईंनी.

दर रविवारी दुपारी ताईंच्या खोलीत चार-पाच माणसं जमत. मला वाचत आणि यातलं आज आपण काय करायचं, यावर तावातावाने बोलत. खरं सांगू? माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. पहिले विश्वासणारे सगळं वाटून घेत, त्या ओळीखाली तिघांनी रेघ मारली; पण पावसात एकाची छत्री दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेली मी पाहिली नाही.

एका रविवारी दारात कारखान्याचा मुकादम उभा राहिला. यंत्र बिघडवल्याचा आळ घेऊन यानेच ताईंच्या धाकट्या भावाला कामावरून काढायला लावलं होतं.

"मलाही शिकायचंय," तो म्हणाला.

"काय शिकायचंय? आमची नावं? साहेबांना कळवायला?" कोपऱ्यात बसलेला भाऊ उसळला.

दर रविवारी येणाऱ्या बेकरीवाल्या काकांनी जमलेल्यांच्या हजेरीचा कागद गुपचूप खिशात घातला. मीही मनात म्हटलं, पाणी मुरतंय कुठेतरी.

नेमकं त्या दिवशीचं पान होतं येशूच्या अनुयायांचा आधी छळ करणाऱ्या आणि मग स्वतःच अनुयायी झालेल्या माणसाचं. तो पहिल्यांदा त्यांच्या मंडळीत आला, तेव्हा सगळे बिचकले. एकानेच त्याला हाताला धरून आत नेलं. ताई वाचता वाचता थांबल्या.

मुकादम खाली बघत म्हणाला, "आळ खोटा होता. बढतीसाठी घेतला. मिळाली नाही."

"मिळाली असती तर आला असतास?" भावाने विचारलं.

"माहीत नाही," मुकादम म्हणाला.

ताईंनी मला त्याच्या हातात दिलं. "पुढचं तुम्ही वाचा. आणि घरी घेऊन जा."

भाऊ उठून गेला.

घरी मुकादमाने खरं काय ते कागदावर लिहिलं आणि माझ्यात ठेवलं. एक दिवस गेला, दोन गेले. मी म्हटलं, हाही रेघा मारणाऱ्यांतलाच! चौथ्या सकाळी त्याने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्याचंच काम गेलं. भावाला मात्र परत बोलावलंय.

काल भाऊ इथे मुकादमाच्या दारापर्यंत आला. "रविवारी येताय ना?" एवढंच विचारलं. आत आला नाही.

मलाही दोघांची अजून पुरती खात्री नाही. पण मला वाचणाऱ्यांनो, संशय जात नसेल तर राहू दे. फक्त दाराला कडी घालू नका.