हिरव्या डोक्याच्या पाट्या

केरबाने पाटीच्या डोक्याला हिरव्या रंगाचा शेवटचा हात मारला, ती तबकात ठेवली आणि पुढच्या पाटीकडे असं बघितलं, जसं सासरा कामचुकार जावयाकडे बघतो.

दोहातल्या त्या प्रदर्शनाच्या दालनात तीन आठवडे झाले, चीनच्या एका राणीचा महाल उभा राहत होता. राणी म्हणजे अगदी पट्टराणी नव्हे. पट्टराणीच्या खाली आणि दासींच्या वर, मधल्याच कुठल्या पायरीवरची. केरबा सुताराने तिचा पलंग ठोकला होता, जाळीच्या खिडक्या कोरल्या होत्या, गुडघ्याएवढा उंबरा बसवला होता. इतकं करूनही त्या बाईबद्दलचं त्याचं मत काही सुधारलं नव्हतं.

“बारा पाट्या, बारा बायका,” मधुरा सांगत होती. ती पुण्याची, राहायला अल सद्दला. प्रदर्शनाची सगळी मांडणी तिच्याकडे. “बादशहाचं जेवण झालं की हे तबक पुढे यायचं. तो जिची पाटी उलटी करेल, तिला त्या दिवशी बोलावणं. आपल्या या राणीला नऊ वर्षांत दोनदा बोलावलं.”

“दोनदा?” केरबाने ब्रश खाली ठेवला. “आनि ऱ्हायलेलं दिवस काय करायची?”

“तयार होऊन बसायची. केस, नखं, अत्तर. रोज.”

“रोज!” केरबा थुंकलाच असता, पण खाली गालिचा नवा होता. “म्याडम, आमच्याकडं म्हस सुदीक नऊ वर्सं दावणीला गप बसत न्हाई. दावं तोडून जाती. आनि ही म्हणं राणी!”

पलंगाच्या पायाशी स्क्रू पिळत बसलेला हरिदास खदखदला. हा लातूरचा, केरबाच्याच खोलीतला. संध्याकाळी बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत परतताना बसमधली चाळीस माणसं केरबाची राणी ऐकायला कान टवकारून बसत, आणि राणी रोज वीतभर वाढत असे. परवापर्यंत तिची नखं एवढी झाली होती की दासी त्यांवर धुणं वाळत घालत. कालच्या फेरीत बादशहाने एका मेलेल्या बाईची पाटी उलटी केली, आणि त्याच्या दरबाऱ्यांची छाती अशी की त्यांनी तिलाही नटवून पाठवली. बादशहाला फरक कळला नाही.

“आन् आजारी पडली तर?” हरिदासने विचारलं.

“तर तिची पाटी तबकातून काढून ठेवायचे. बरी होईपर्यंत,” मधुरा म्हणाली, आणि काचेचं झाकण आलं का ते बघायला निघून गेली.

“मग येडीनं रोज आजारी पडावं की!” केरबाने तिच्या पाठीमागे निकाल दिला.

तेवढ्यात फोरमन इकबालचा फोन आला. “केरबाभाई, छुट्टी की लिस्ट अभी जा रही है. नंबर आपका है. इस बार किसको दूँ?”

प्रश्न बरोबर होता. चार वर्षं केरबा आपली पाळी दुसऱ्याला देत आला होता, तीही एखाद्या संस्थानिकाने जमीन इनाम द्यावी अशा थाटात. गावाकडे त्याच्या गोष्टी दुसऱ्या दिवशी संपत. तिसऱ्या दिवशी बायको फुलाबाई दळण आणायला पाठवत असे. इथे चाळीस माणसं होती आणि रोज ताजी बस होती. फुलाबाई दर दिवाळीला विचारायची, “औंदा तरी येनार न्हवं?” तो म्हणायचा, “इन्शाल्ला.” इन्शाल्ला म्हणजे नाही, हे तिला पाठ झालं होतं.

या दिवाळीला मात्र तिने विचारलं नव्हतं. हे केरबाच्या आत्ता ध्यानात आलं.

“रुको जरा,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि तिचा शेवटचा आवाजी निरोप लावला. पत्रे बदलले. गवत कापून झालं. धाकटीला मुलगा झाला. निरोप संपला. त्याने तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा, कानाशी धरून. पत्रे, गवत, मुलगा.

त्याने इकबालला फोन केला. “मेरा नाम डालो. खलास.”

मग छाती पुढे काढून हरिदासकडे वळला. “बघ आता. चार वर्सांनी पाटी उलटतोय. बाई नाचंल.” आणि त्याने फुलाबाईला फोन लावला, हरिदासलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

पलीकडे कसल्याशा यंत्राची धडधड होती, बायकांचं हसणं होतं.

“फुला, ऐकलंस का? पुढल्या बेस्तरवारी येतोय मी. म्हैनाभर!”

“बेस्तरवारी?” ती थांबली. “मी न्हाई वो घरात. आमच्या बचत गटाचा मसाल्याचा स्टॉल हाय कोल्हापुरात, धा दिस. ठरलंय कवाच.”

“अगं, पर मी येतोय की!”

“या की. कोन नगं म्हनतंय? किल्ली शेजारच्या अमिनाभाभीकडं ठेवते. पीठ डब्यात हाय, भाकरी तुमची तुमी थापा. ठेवू? कांडप थांबलंय.”

फोन बंद झाला. हरिदासने एक घट्ट बसलेला स्क्रू उगीचच आणखी पिळला.

“अण्णा,” तो म्हणाला, “ते म्हशीचं काय म्हनत होतात तुमी?”

 केरबा त्या पलंगाकडे, मग त्या उंबऱ्याकडे बघत राहिला. फोन पुन्हा वाजला.

“पक्का ना, केरबाभाई? बाद में मत बोलना. नाम काटना है तो अभी काट दूँ?”

“मत काटो,” केरबा म्हणाला. आवाज एवढा हळू होता की इकबालने दोनदा विचारलं. “मत काटो बोला ना.”

मधुरा काचेचं झाकण घेऊन आली. ते बसवण्याआधी तिने बोटाने पाट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“केरबाकाका, अकराच आहेत. एक कुठे गेली?”

“त्या बाईची तब्येत बरी न्हाई,” केरबा म्हणाला आणि उंबऱ्यावर रंधा मारायला बसला. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला ओला हिरवा रंग लागत होता. त्याने तो लागू दिला.