कावेरीच्या पायातलं यंत्र

मित्रांनो, माझ्या काचेवर आज ओरखडे दिसतात, पण हसू नका. मी पावलं मोजणारं जुनं यंत्र आहे, आकाराने काडेपेटीएवढं, आणि मी एका म्हशीचा जीव वाचवलाय.

खरं तर माझा जन्म माणसांच्या कमरेसाठी झाला. पेठ वडगावच्या गुरांच्या डॉक्टरांनी, प्रसेनजीत यांनी, पोट कमी करायला मला विकत घेतलं. ते दिवसभर मोटारसायकलवर. मी मोजणार काय? शेवटी २००४ साली त्यांनी मला जाड कापडाच्या पिशवीत शिवलं आणि आकारामच्या कावेरी म्हशीच्या मागच्या पायाला बांधलं. आजारी जनावर दूध आटण्याआधीच चालणं कमी करतं, असं त्यांचं म्हणणं. गावाने टिंगल केली. मला मात्र काम मिळालं.

कावेरी डोंगरउतारावर चरायची. दिवसाला साडेचार हजार पावलं ठरलेली. आकारामची बायको झुंबरबाई रोज संध्याकाळी माझा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहायची.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढे, त्याच्या हाकेसरशी म्हैस मागे. आकारामने शिंगं रंगवली, कवड्यांचा पट्टा आणला. आणि आदल्या संध्याकाळी मी आकडा दाखवला नऊशे.

कावेरी खात होती, दूधही देत होती. तेव्हा यंत्रच बिघडलंय, असं आकारामने ठरवून टाकलं. मला भारी राग आला. झुंबरबाईने मला सोडलं, माझा आकडा शून्यावर आणून त्याच्याच कमरेला अडकवलं आणि विहिरीपर्यंत पावलं मोजत जाऊन यायला सांगितलं. त्याने मोजली दोनशे चौदा. मीही दाखवली दोनशे चौदा.

"यंत्र बरोबर हाय," झुंबरबाई म्हणाली. "म्हशीचंच कायतरी बिनसलंय की. डाक्टरला बोलवा."

डॉक्टरांनी ताप बघितला, एकशे पाच. पळवली असती तर वाटेतच कोसळली असती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पाडव्याला साऱ्या गावाच्या म्हशी आकारामच्या दारावरून पळत गेल्या. वर्षभर ज्यांच्यापुढे त्याने बढाया मारल्या होत्या, ते थांबून चिडवू लागले. त्याचा चेहरा पडला होता, तरी तो गोठ्यातून हलला नाही.

"आमची म्हस आजारी हाय," तो म्हणाला. "औंदा न्हाय पळत."

मला त्याचा अभिमान वाटला. स्वतःचा तर त्याहून जास्त.

सहाव्या दिवशी कावेरी पुन्हा डोंगर चढली. चार हजार सहाशे पावलं! तो आकडा आकारामने स्वतः लिहिला.

मित्रांनो, मुकं जनावर दुखणं सांगत नाही, फक्त थोडं कमी चालतं. तुमच्याकडे यंत्र नसलं तरी रोज त्याची चाल बघत जा. सणाच्या दिवशी तर नक्की बघा, कारण त्या दिवशी तुम्हाला त्याचा आजार दिसायला नको असतो.