मिटलेल्या ओठांचा आवाज

युरोपातल्या काही कलाकारांनी जुन्या गाण्याचे केलेले एक रिमिक्स भाचीने मला पहिल्यांदा ऐकवले, तेव्हा मी म्हणाले होते, की हे संगीत असेल तर आमच्या इमारतीचा पाण्याचा पंपही मोठा कलावंत आहे. भाची हसली आणि हेडफोन तिने माझ्या कानांवर तसेच राहू दिले. मी शाळेत गाणे शिकवते. सूर कुठून निघून कुठे पोचतो हे समजावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. इथे सूर कुठेच जात नव्हता. कुणा अनोळखी गायिकेचा अर्धाच शब्द उचलून त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाजवला होता. खाली खोल, एकसारखा ठोका, वर सिंथेसायझरचे पसरत जाणारे धुके. आणि मूळ गाण्यात कधी ऐकू आले नसेल असे एक दुःख त्या अर्ध्या शब्दात हळूहळू उजळत गेले.

मग मला त्याचे व्यसनच जडले. वर्गात मुली सरगम घोकत आणि मी मनातल्या मनात त्यांचा एकेक स्वर कापून वेगळा ठेवी. कुणालाही न सांगितलेली एक इच्छा माझ्यात मूळ धरू लागली: त्या लोकांनी कधीतरी माझा आवाज असा उजेडासमोर धरावा.

भाचीने ती ओळखली असावी. माझे एक जुने गाणे तिने माझ्या नावाने इंटरनेटवर चढवले. ते तरुणपणी रेडिओवर ध्वनिमुद्रित झालेले. ताई, म्हणजे भाचीची आई, त्या दिवशी केवळ सोबत म्हणून आली होती. मागची बाजू ओकीबोकी वाटते, असे तिथल्या ध्वनिमुद्रकाचे म्हणणे पडले, म्हणून त्याने तिला माझ्यामागे उभे करून नुसते गुणगुणायला सांगितले. गाणे माझे होते.

आणि एके दिवशी खरोखरच निरोप आला. तिकडच्या एका कलाकाराने त्या गाण्याचे रिमिक्स केले होते. त्याने ते सोबत जोडले होते, प्रसिद्ध करण्याची परवानगी मागितली होती आणि अदबीने विचारले होते, की ज्या स्त्रीच्या आवाजावर ही रचना उभी आहे तिचे नाव काय लिहावे.

मी दार लावून ऐकायला बसले. ठोका आला. धुके आले. मग धुक्यातून एक हुंकार वर आला, मिटलेल्या ओठांचा, कुणालाही उद्देशून नसलेला. मी माझ्या आवाजाची वाट पाहत राहिले. हुंकार दुणावला, स्वतःवरच उलटून आला, पाण्यासारखा खोलीभर झाला, आणि रचना संपली. माझा एक शब्द त्यांनी ठेवला नव्हता. एक श्वासदेखील नाही. त्यांनी मला सालीसारखे सोलून टाकले होते आणि आत त्यांना ताई सापडली होती.

रचना सुंदर होती, हे सर्वांत वाईट.

गाणे माझ्या नावावर होते. आवाज माझाच, एवढे कळवले असते तर उलटून विचारणारे जगात एकच माणूस होते. त्या माणसाला तरी तो ओळखता येतो का, हे पाहायला मी ताईच्या दुकानात गेले. नाही ओळखला, तर माझे नाव कळवायचे, असे वाटेतच ठरवून टाकले.

ताई कपडे बेतून देते, उसवलेले सांधते. मी गेले तेव्हा ती पुतळ्यावर चढवलेल्या झग्याची किनार दुमडत गुडघ्यांवर बसली होती, तोंडात टाचण्यांची रांग. टाचण्या तोंडात असल्या की तिला बोलता येत नाही. गिऱ्हाइकांना ती हुंकारानेच उत्तरे देते. भाची म्हणते, आईच्या हुंकाराचे कितीतरी अर्थ होतात आणि सगळे नकाराचेच.

मी एक नवे गाणे ऐकवते म्हणाले आणि फोन शिलाई मशीनवर ठेवला. ताईने वर पाहिले नाही. ती टाचण्या टोचत राहिली आणि थोड्या वेळाने, नकळत, गुणगुणू लागली. फोनमधला हुंकार आणि टाचण्यांआडचा हुंकार एकमेकांत असे मिसळले, की कुठला कुठून येतो ते मला सांगता येईना. मी दोघींच्या मध्ये उभी होते. तिथेही मी कुणाला ऐकू येत नव्हते.

गाणे संपल्यावर तिने टाचण्या तळहातावर काढल्या.

"तुझं जुनं गाणं ना हे? छान गायलीयस गं छोटे. नाहीतर तू गातेस कशी, समोरच्याची खात्री पटवून देत असल्यासारखी. इथे कुणी ऐकतंय याचं भानच नाही तुला."

हवे ते मिळाले होते. पण ती शाबासकी स्वीकारणे म्हणजे माझ्या खऱ्या आवाजाला माझ्याच हातांनी मूठमाती देणे होते, आणि तेवढी उदार मी ताईसाठीही होणार नव्हते.

"तो तुझा आवाज आहे, ताई."

"माझा?" ती हसली. "मी कुठे गाते? चहा घेतलास की नाही सकाळपासून?"

मी तिला निरोपाबद्दल सांगितले आणि कुठले नाव लिहू, माहेरचे की सासरचे, ते विचारले. तिने झग्याची किनार डोळ्यांपाशी धरून पाहिली. ज्यासाठी मी झोप गमावली होती ते तिच्या दारात आले होते आणि तिला किनार सरळ पडली की नाही याची चिंता होती. मला तिच्या आवाजापेक्षाही त्या क्षणी हेवा वाटला तो या बेफिकिरीचा.

"लिही काहीही," ती म्हणाली. "आणि ती टाचण्यांची डबी सरकव इकडे."

मी डबी सरकवली. शिलाई मशीनशेजारी उभी राहून उत्तर लिहिले: परवानगी आहे; आणि खाली ताईचे पूर्ण नाव, काना-मात्रेसह नीट. मग पाठवण्यापूर्वी आणखी एक ओळ जोडली, की त्याच गाण्यात शब्द गाणारी दुसरी एक स्त्री आहे, तिचाही आवाज कधी लागलाच तर कळवावे.

ती ओळ पुसून टाकावी असे दोनदा वाटले. ताई खाली बसून पुन्हा गुणगुणू लागली होती. मी ती ओळ तशीच पाठवली.