पाठीवरचं पीठ

बेकरीवाली कधी चालत नसे. एक तर ती पळत असे, नाहीतर भट्टीसमोर उभी असे. पिठाचं पोतं तिने उचललं की पोत्यालाच घेरी येते, असं तिचा नवरा सांगायचा. आणि पोती रोज तिच्याकडूनच उचलून घेत असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

अशी ही बाई गेल्या हिवाळ्यात डोंगरावरून अर्ध्या वाटेतून परत आली होती. ओलीचिंब, दात वाजवत.

तिची थोरली बहीण स्कीइंग शिकवायची. दर हिवाळ्यात तयारीच्या काही माणसांना घेऊन ताई उंचावरची खिंड ओलांडे. स्कीच्या तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या चिकटवून वर चढायचं, मग पट्ट्या सोडून पलीकडच्या उतारावरून सुसाट खाली. लहानपणी दोघी पलंगावरून गादीवर उड्या मारत, तेव्हापासून ताई धाकटीला म्हणत आली होती, तुला एकदा पलीकडे नेईन.

खिंडीच्या अलीकडे एक मोठा खडक होता. तिथे ताई सगळ्यांना थांबवी आणि एकेकाच्या जॅकेटात हात घालून पाठ चाचपून बघे. सगळ्यांच्या पाठी कोरड्या असतील तर पुढे. एकाची जरी ओली असली तरी अख्खी टोळी माघारी, कारण वरच्या वाऱ्यात ओली पाठ म्हणजे जिवाशी खेळ. गेल्या वर्षी धाकटीच्या पाठीवरून ताईचा हात निघाला तो निथळतच. ताईने तो झटकला. वळली, आणि तिच्यामागे सगळे मुकाट वळले. यंदा तिने आधीच सांगून टाकलं होतं की गुडघे आता कुरकुरतात, ही शेवटची खेप.

म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि बेकरीवालीच्या मते सगळा दोष त्या जॅकेटचा होता.

तिने ते नेऊन दुकानदाराच्या पुढ्यात टाकलं. गळतं म्हणाली. दुकानदार शांत गडी. त्याने जॅकेटची टोपी उलटी धरली, तांब्याभर पाणी ओतलं, ती खुंटीला तशीच टांगली आणि चहा प्यायला बसला. चहा झाला, दुसरी दोन गिऱ्हाइकं झाली, टोपीतलं पाणी जिथल्या तिथे. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यात मासे झाले असते. बेकरीवालीने खालून बोट फिरवून पाहिलं. कोरडं.

"टोपी गळत नाही म्हणून पाठ गळत नाही, असं कुठंय?" ती म्हणाली.

दुकानदाराने जपून जपून सुचवलं की पाणी बाहेरून येतच नसेल कदाचित.

"म्हणजे मी गळते?"

त्याला दुकान चालवायचं होतं. मग त्याने आणखी दोन जॅकेटं काढली आणि लेबलं न फाडण्याच्या अटीवर घरी नेऊन बघायला दिली. एक जाडजूड, आत कापूस भरल्यासारखं, हात घातला की झोप यावी असं. दुसरं नुसतं टरफल. आत अस्तर नाही, ऊब नाही, अंगावर ऐसपैस, हेल्मेटवरून येईल एवढी मोठी टोपी, आणि दोन्ही बगलांखाली हातभर लांब चेन. न्हाणीघराच्या पडद्याला बाह्या लावल्यासारखं ध्यान. पाणी आत येऊ नये म्हणून जॅकेट घ्यायचं आणि त्यालाच मुद्दाम भोकं पाडून घ्यायची, हे काय गौडबंगाल आहे, या विचाराने बेकरीवालीला घरी जाईपर्यंत चैन पडेना.

तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. पिठाला थेंबभर पाणी लागलं की तिथे गोळा होतो. पीठ कुणाची भीड ठेवत नाही. तिने काळा सदरा घातला, नवऱ्याकडून चाळणीने अंगभर पीठ भुरभुरवून घेतलं, वर जुनं जॅकेट चढवलं आणि ट्रे धुवायच्या नळीसमोर जाऊन उभी राहिली. नवऱ्याने नळी सोडली. संसारात एवढी मोकळीक त्याला पहिल्यांदाच मिळत होती, त्यामुळे त्याने कसर ठेवली नाही. शिवणींवर मारलं, चेनीवर मारलं, गळ्याशी मारलं. आत पीठ कोरडं ठणठणीत. दुसरं जॅकेट, तिसरं जॅकेट, तेच.

ती खट्टू होऊन पायरीवर बसली. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, डोंगरावर मी अशी खांबासारखी उभी कुठे होते?

मग नळी बंद ठेवली. तिने पुन्हा पीठ भुरभुरवून घेतलं, जुनं जॅकेट घातलं आणि पिठाचं पोतं पाठीवर घेऊन माळ्याचा जिना चढायला लागली. वर, खाली, वर, खाली, तिच्या नेहमीच्या वेगाने. बाहेरून पाण्याचा थेंब नाही. दमल्यावर टेकायला म्हणून ती पाव फुगायला ठेवायच्या उबदार खोलीत शिरली आणि विचार करत बसली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा पाठीवर उंटासारखं वशिंड आलं होतं. बेकरीच्या हवेतच यीस्ट. पिठाला घाम मिळाला, ऊब मिळाली, ते आपलं काम करून मोकळं झालं.

नवऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारली. "इतकी वर्षं कणीक फुगलेली बघतोय," तो म्हणाला, "बायको फुगलेली आज बघितली."

तिने हात मागे नेऊन तो गोळा चाचपला. म्हणजे गेल्या वर्षीचं पाणी तिचं स्वतःचंच होतं.

वाईट वाटायला तिला सवड नव्हती. आता तिला छडा लावायचा होता. जाडजूड जॅकेटात तर पहिल्याच चढणीला लापशी झाली. नुसत्या टरफलात, आत एकच पातळ लोकरी सदरा, बगलेच्या चेनी बंद: मानेपासून कंबरेपर्यंत चिकट. चेनी उघडल्या तर फक्त कंबरेशी. भोकांचं गौडबंगाल उलगडलं. पण कंबरेशी का होईना गोळा होताच, आणि ताईच्या हाताला तेवढा पुरला असता. तिने लोकर बदलली, पट्टा सैल केला, चेनी अजून खाली ओढल्या. गोळा हटेना.

"हळू चढून बघ की," नवरा म्हणाला.

हे तिला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. ती हळू चढली. पाय थरथरत होते, थकव्याने नव्हे, पळायला मिळत नाही म्हणून. वर पोचायला इतका वेळ लागला की खाली भट्टीतले पाव करपले, पण सदऱ्यावरचं पीठ अजून कोरडं उडत होतं.

टरफल ठेवून घेतलं. जाडजूड परत केलं तेव्हा दुकानदाराला जॅकेटच्या कॉलरमध्ये मूठभर पीठ सापडलं. त्याने ते झटकलं. त्या वशिंडाचा पाव भाजून त्यालाच चहाबरोबर खाऊ घातला, अशी एक वदंता आहे. बेकरीवाली ती फेटाळते. दुकानदार मात्र तसला पाव पुन्हा मिळेल का म्हणून अधूनमधून चौकशी करतो.

चढाईच्या दिवशी ओला बर्फ पडत होता. सगळे गळ्यापर्यंत आवळून निघाले. बेकरीवाली बगला उघड्या टाकून शेवटून चालली. पुढची माणसं लांब लांब जात होती आणि तिच्या पोटऱ्यांना नुसती खाज सुटत होती. एकदोनदा स्की आपोआप वेगाने पडायला लागल्या; तिने त्यांना दटावून मागे घेतलं. थंडी वाजत होती, पण कुडकुडण्याच्या जरा अलीकडे.

खडकापाशी ती पोचली तेव्हा बाकीच्यांच्या पाठी बघून झाल्या होत्या, सगळ्या पुढे जाण्याइतक्या कोरड्या. आता सगळे हिच्याकडे बघत होते. ताईने हातमोजा काढला, तिच्या कॉलरमधून हात आत घातला आणि खूप वेळ तिथेच ठेवला.

हात बाहेर आला तो पांढरा. ताईला वाटलं बर्फ. तिने फुंकर मारली, तर तो धुरासारखा उडाला.

"हे काय आणलंयस तू?"

"पीठ," बेकरीवाली म्हणाली. "कोरडं आहे की नाही बघ."

ताईने बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग उरलेलं पीठ तिने धाकटीच्या नाकाला पुसलं, हातमोजा चढवला आणि खिंडीकडे तोंड केलं.

"माझ्यामागे राहा," ती म्हणाली, "आणि पुढे घुसू नकोस."